करारी बाईची कारकीर्द : दया डोंगरे, गजानन जागीरदार आणि आपलं वऱ्हाड



३ नोव्हेंबर २०२५ रोजी दया डोंगरे गेल्या. वय ८५. दुसऱ्या दिवशीच्या बहुतेक बातम्यांमध्ये 'खाष्ट सासू' ही दोन अक्षरी-दोन अक्षरी पाटी होतीच. पन्नासेक वर्षं ज्या बाईचा रंगभूमीशी, दूरदर्शनशी आणि सिनेमाशी संबंध राहिला, तिच्या नावापुढे आपण एक नातं लिहून मोकळे झालो. नातंही तिचं स्वतःचं नाही, पडद्यावरचं.

बातमीत दुसरीही एक ओळ होती. ती मात्र घाईत वाचली गेली. जन्म : ११ मार्च १९४०, अमरावती.

या दोन ओळींचा एकमेकींशी संबंध आहे, असं मला आज तुमच्यासमोर मांडायचं आहे. तो संबंध जन्मदाखल्यापुरता नाही. 'आपली पोरगी मुंबईले जाऊन मोठी झाली बा' असं म्हणून टाळ्या घ्यायला मी उभा नाही. त्या टाळ्या स्वस्त असतात, आणि वऱ्हाडाला त्यांची फार सवय लागली आहे. मराठी पडद्यावर जी करारी, हुकमी, घर मुठीत ठेवणारी बाई आपण ओळखतो, तिला घडवण्यात अमरावतीत जन्मलेल्या दोन माणसांचा मोठा हात आहे. एक दयाबाई. दुसरे गजानन जागीरदार. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात एका मालिकेत ही दोघं एकत्र आली, आणि तिथे 'खाष्ट सासू' या पाटीमागची खरी बाई दिसली. तिथवर जायला थोडा वळसा घ्यावा लागेल.

नाटकाच्या बाबतीत वऱ्हाड कधी गरीब नव्हतं. कापसाचा पैसा होता, वकिली होती, आणि मुंबई-नागपूर रेल्वे होती. नाटक मंडळ्या गाडीनं यायच्या, अकोल्याला उतरायच्या, बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावतीत शिरायच्या. १९०५ साली मुंबईत पहिलं नाट्यसंमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष आपले दादासाहेब खापर्डे. टिळकांचा उजवा हात म्हणून त्यांना सगळे ओळखतात. नाटकांचा शौकीन म्हणून त्यांची ओळख आपण हळूहळू विसरत चाललोय. वीर वामनराव जोशी तर पक्के अमरावतीचे. तुरुंगवास भोगलेला देशभक्त आणि 'रणदुंदुभि'चा नाटककार. हे नाटक बळवंत संगीत मंडळीनं १९२७ साली रंगभूमीवर आणलं. त्यातली नायिका तेजस्विनी कोणी केली? मास्टर दीनानाथांनी. म्हणजे अमरावतीच्या लेखकानं स्वातंत्र्याची भाषा बोलणारी तेजस्वी स्त्री लिहिली आणि ती उभी राहिली एका पुरुषाच्या अंगावर. त्या काळाच्या रिवाजात काही वावगं नव्हतं. दीनानाथांच्या गळ्याबद्दल तर कोणी बोलूच नये. पण त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली आणि अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न तिथे गाजला. नाटकगृहाचा दरवाजा सगळ्यांना उघडा, देवळाचा बंद, आणि रंगमंचाचा दरवाजा अजून बाईला अर्धाच उघडलेला. १९२७ची अमरावती ही अशी.

तो अर्धा दरवाजा उघडायला किती वेळ लागला बघा. दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई गोखले फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये मूकपटाच्या पडद्यावर आल्या त्या १९१३च्या सुमारास. हिराबाई बडोदेकरांनी पुढे स्वतःची संगीत नाटकं उभी केली. 'नाट्यमन्वंतर' या नाट्यसंस्थेनं १ जुलै १९३३ला 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणलं, त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या, आणि मग नाटकाच्या इतिहासाची पुस्तकं या तारखेला नवं पान उलटतात. पुस्तकांसाठी ते सोयीचं आहे. घराघरातलं पान मात्र इतक्या झटकन उलटत नाही. शिकल्यासवरल्या, पांढरपेशा घरातली बाई तोंडाला रंग लावून चारचौघांसमोर उभी राहते हे पचायला आणखी पंधरा-वीस वर्षं गेली, काही घरांत अजून पचलेलं नाही.

दयाबाईंच्या घरात मात्र ते त्यांच्या जन्माच्या आधीच पचलेलं होतं. आई यमुताई मोडक नाटकात काम करायच्या. जवळच्या नात्यातल्या शांता मोडक गायिका आणि अभिनेत्री. म्हणजे या मुलीला 'नाटकात जाऊ का' असं विचारावं लागलं नसावं; घरातल्या बाया नाटकात होत्याच. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पहिल्या पिढीची नटी कायम थोडी बचावाच्या पवित्र्यात असते: मी सभ्य आहे, मी कुलीन आहे, हे तिला प्रत्येक भूमिकेत सिद्ध करायचं असतं. म्हणून ती सोज्वळ भूमिका शोधते. दुसऱ्या पिढीच्या नटीवर हे ओझं नसतं. ती दुष्ट बाई करू शकते, भांडकुदळ करू शकते, प्रेक्षकांनी नाक मुरडलं तरी तिचं काही जात नाही. आपल्या अनेक उत्तम नट्या सात्त्विकतेत अडकून का राहिल्या आणि दयाबाई का अडकल्या नाहीत, याचं निम्मं उत्तर मी त्या घरात शोधतो.

उरलेलं निम्मं उत्तर शिक्षणात आहे. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ साली सुरू झालं. त्याच्या पहिल्या दशकात मराठी घरातली मुलगी अभिनयाचं शास्त्र शिकायला दिल्लीला जाते, ही त्या वेळी चारचौघांत सांगण्यासारखी गोष्ट होती. दयाबाई गेल्या. मग आल्या त्या मुंबईच्या व्यावसायिक रंगभूमीवर, जिथे शास्त्र शिकून आलेल्याला सुरुवातीला कोणी फारसं विचारत नाही. तिथे लागतो आवाज, पाठांतर, वेळेवर एन्ट्री, आणि दौऱ्यावर बसमध्ये रात्र काढून दुसऱ्या दिवशी ताजं दिसण्याची ताकद. 'लेकुरे उदंड झाली', 'तुझी माझी जमली जोडी रे', 'नांदा सौख्य भरे'... नावं वाचूनच कळतं की ही घरगुती, हसरी, गल्ल्याची नाटकं. यांच्यात काम करणाऱ्या नटांना समीक्षक फार मोजत नाहीत. मी मोजतो. भरल्या थिएटरात तिसऱ्या रांगेतल्या आजीबाईला आणि पाठीमागच्या बाकावरच्या कॉलेजकुमाराला एकाच वाक्यावर हसवायचं असेल तर वाक्याचा शेवटचा शब्द कुठे टाकायचा, हे कोणत्याही विद्यालयात पूर्ण शिकवता येत नाही. ते प्रयोगात शिकावं लागतं. पन्नासाव्या प्रयोगाला हशा जिथे यायचा तिथे शंभराव्या प्रयोगाला येत नाही, मग नट वाक्य अर्धा क्षण आधी टाकतो. दयाबाईंचं टायमिंग या शाळेतलं आहे. पुढे सिनेमात कॅमेरा बदलला, टायमिंग तेच राहिलं.

इथे थोडं आपल्याबद्दल बोलू द्या. ही कारकीर्द अमरावतीत का झाली नाही? प्रश्न भाबडा आहे, पण विचारला पाहिजे. आपल्या विदर्भाच्याच दुसऱ्या टोकाला, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या पट्ट्यात झाडीपट्टीची रंगभूमी आहे. धान निघालं की मंडई भरते, रात्रभर नाटक चालतं, तिकीट लागतं, नट-नट्यांचं पोट त्यावर चालतं. पुण्या-मुंबईकडून प्रमाणपत्र न मागता त्या लोकांनी आपला धंदा उभा केला. वऱ्हाडात असं झालं नाही. आपण गिऱ्हाईक राहिलो. चांगलं, चोखंदळ, पैसे मोजणारं गिऱ्हाईक. मुंबईची नाटकं विदर्भ दौऱ्यावर आली की हाउसफुल्ल करायची. अकोल्याच्या प्रमिलाताई ओक सभागृहात किंवा अमरावतीच्या सांस्कृतिक भवनात गर्दी करायची, आणि नटाला भेटून 'आम्ही तुमचे फॅन' सांगायचं. सिनेमाचंही तेच. सी.पी.-बेरार सर्किटच्या वितरणाचं अमरावती हे मोठं केंद्र होतं. चित्रपटांच्या पेट्या इथून खेड्यापाड्यांच्या टॉकीजला जायच्या. म्हणजे दयाबाईंचे सिनेमे अमरावतीच्याच कचेऱ्यांतून वाटले गेले असणार, हे मला गमतीचं वाटतं. माल आपल्या हातातून जात होता, तो बनत होता दुसरीकडे.

आणि बोली? दयाबाईंचा पडद्यावरचा उच्चार स्वच्छ, प्रमाण, पुणेरी वळणाचा. माझ्या पाहण्यात त्यांची वऱ्हाडी बोलणारी भूमिका नाही. त्या काळी सिनेमातली इनामदारीण कोल्हापुरी ठसक्यात बोलायची किंवा पुणेरीत. वऱ्हाडी बोलणारी पाटलीण पटकथेत नसायचीच. भारत गणेशपुरेंनी आपली बोली टीव्हीवर घराघरात नेली, तीही विनोदापुरती. वऱ्हाडीत एखादी बाई हुकूम सोडते, घाबरवते, रडवते, असं अजून आपण फारसं दाखवलेलं नाही. ही तक्रार दयाबाईंबद्दल नाही. आपल्या लेखकांबद्दल आहे. त्यांच्यापैकी काही आज समोर बसलेत, त्यांनी माफ करावं.

आता सिनेमाकडे. १९७०च्या दशकात करपरताव्याची योजना आली, मराठी सिनेमाला थोडा श्वास मिळाला, आणि पुढच्या दशकात विनोदी कौटुंबिक चित्रपटांची लाट उसळली. १९८४चा सचिनचा 'नवरी मिळे नवऱ्याला' आठवा. सुप्रियाचा पहिला सिनेमा, अशोक सराफ, निळू फुले, आणि दया डोंगरे. मग १९८७चा 'खट्याळ सासू नाठाळ सून', ज्यात समोर वर्षा उसगावकरसारखी नव्या दमाची सून. दयाबाई तेव्हा सत्तेचाळीस वर्षांच्या. मराठी सिनेमात चाळिशी ओलांडलेल्या बाईला दोनच गल्ल्या खुल्या होत्या. एका गल्लीत सुलोचनाबाईंची सोशिक आई. दुसऱ्या गल्लीत सासू. दयाबाई दुसऱ्या गल्लीत शिरल्या आणि तिथे त्यांनी घर बांधलं. त्यासाठी त्यांना दोष देणारे मी ऐकलेत. त्यांना माझा प्रश्न असा की तिसरी गल्ली कोणी बांधून ठेवली होती?

पण त्या गल्लीत राहून त्यांनी काय केलं ते पाहा. खाष्ट सासू करणं सोपं आहे. डोळे वटारा, आवाज चढवा, कमरेवर हात ठेवा. हशा येतो. दयाबाई असं करत नाहीत. त्यांचा आवाज चढतो तो कमी वेळा. बऱ्याचदा तो खाली येतो, वाक्य तुटक होतं, आणि मान किंचित वर जाते. खुर्चीत बसल्या तरी पाठ टेकत नाहीत. आणि मुख्य म्हणजे त्यांच्या सासूला आपण चुकतोय असं क्षणभरही वाटत नाही. सुनेला त्रास देणं हे तिच्या लेखी कर्तव्य आहे, शिस्त आहे, घराण्याची इज्जत आहे. विनोद तयार होतो तो या खात्रीतून. नटाला आपण विनोदी आहोत हे कळलं की विनोद मेला. दयाबाईंना ते कळत असणारच, पण त्यांच्या सासूला त्यांनी ते कधी कळू दिलं नाही. 'उंबरठा'सारख्या जब्बार पटेलांच्या गंभीर चित्रपटातही त्या होत्या, दूरदर्शनच्या 'गजरा'त होत्या, 'आव्हान' मालिकेत होत्या. ज्यांनी ही कामं पाहिली त्यांना ठाऊक आहे की ती पाठ न टेकणारी बाई फक्त हशासाठी तयार झालेली नव्हती.

आता जागीरदार. गजानन जागीरदारांचा जन्म २ एप्रिल १९०७, अमरावती. प्रभात, 'रामशास्त्री', पुढे पुण्यातल्या फिल्म इन्स्टिट्यूटचे पहिले प्रमुख, 'शाहीर परशुराम', 'वैजयंता'. हे सगळं पुस्तकांत आहे. पुस्तकांत एका ओळीत संपणारी एक गोष्ट मला मोठी वाटते. १९४१ साली आचार्य अत्र्यांच्या चित्रसंस्थेसाठी जागीरदारांनी 'पायाची दासी' काढला. हिंदीत 'चरणों की दासी'. छळणारी सासू हा त्याचा विषय. सून वनमाला. आणि सासू कोण? दुर्गा खोटे. 'अयोध्येचा राजा'ची तारामती, पडद्यावरची राजघराण्यातली नायिका, जागीरदारांनी तिला सासू केलं. आणि दुर्गाबाईंनी ती अशी केली की त्या कामाचं पुढे अनेक वर्षं कौतुक होत राहिलं. बोलपटातल्या मराठी सासूचं हे पहिलं मोठं शिल्प, आणि ते एका अमरावतीकरानं घडवलं.

तीन वर्षांनी, १९४४ला, 'रामशास्त्री'. दिग्दर्शनात जागीरदारांचा हात होता आणि रामशास्त्री त्यांनी स्वतः केले. त्यात आनंदीबाई झाल्या ललिता पवार. 'ध'चा 'मा' करणारी ही बाई आपल्या लोकस्मृतीत दुष्टपणाचा कळस. ललिताबाईंची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे: १९४२च्या सुमारास चित्रीकरणात बसलेल्या एका थपडेनं डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली, नायिकेचा मार्ग बंद झाला, आणि हिंदी-मराठी पडद्याला तिची सगळ्यात भेदक सासू मिळाली. १९८७ला 'रामायण' सुरू झालं तेव्हा मंथरा त्याच.

त्याच सुमारास दूरदर्शनवर 'स्वामी' आली. रणजित देसाईंची १९६२ची कादंबरी, दिग्दर्शक पुन्हा गजानन जागीरदार, आता ऐंशीच्या घरात. माधवराव रवींद्र मंकणी. रमाबाई मृणाल देव, वीणा देवांची मुलगी आणि गो. नी. दांडेकरांची नात. गोनीदांचा जन्म परतवाड्याचा, आणि १९८१ साली अकोल्याला साहित्य संमेलन भरलं तेव्हा अध्यक्ष तेच होते. आणि गोपिकाबाई? दया डोंगरे. जिल्हा अमरावती अशी पाटी लावून 'स्वामी'चं श्रेयपत्र वाचलं तर पुण्याच्या शनिवारवाड्यात आपली निम्मी माणसं निघतात.

पण माझ्यासाठी त्यातली खरी गोष्ट गोपिकाबाई आहे. नानासाहेब पेशव्यांची बायको, विश्वासराव, माधवराव आणि नारायणराव यांची आई, म्हणजे रमाबाईंची सासू. मोठा मुलगा १७६१ला पानिपतावर गेला. त्याच वर्षी नवरा गेला. दुसरा मुलगा सोळाव्या वर्षी पेशवा झाला, आणि त्याच्या काकानं, रघुनाथरावांनी, राज्य आपल्या हाती घ्यायची खटपट सुरू केली. गोपिकाबाईंच्या हाती काय होतं? सही नव्हती, फौज नव्हती. होती ती मुलावरची सत्ता आणि वाड्यातली सत्ता. ती त्यांनी घट्ट धरली. अशा बाईला आपण इतिहासात महत्त्वाकांक्षी म्हणतो आणि घरात खाष्ट. माधवरावांनी रास्ते मामांना दंड केला तेव्हा आईचा रोष पत्करला, आणि आई पुण्यातून निघून गेली ती नाशिकजवळ गंगापूरला राहिली, अशी हकीगत सांगतात. सत्तेशिवाय राहायचं तर लांब राहायचं, हा त्या बाईचा हिशेब होता. पुढे १७७२ला माधवराव गेले, १७७३ला नारायणरावांचा खून झाला. तिन्ही मुलं आईच्या डोळ्यांदेखत गेली.

दयाबाईंनी गोपिकाबाई केली ती याच हिशेबानं. 'खट्याळ सासू'तली ताठ पाठ इथे तीच होती, खाली येणारा आवाज तोच, आपण बरोबर आहोत ही खात्रीही तीच. फक्त इथे त्या खात्रीमागे भीती होती, आणि ती प्रेक्षकाला दिसत होती. जागीरदारांनी १९४१ला दुर्गा खोट्यांकडून जी सासू काढून घेतली, ती १९८०च्या दशकात दयाबाईंकडे आली तोवर तिचं खलनायिकापण झडून गेलं होतं आणि तिच्या जागी एक पूर्ण माणूस उभा होता. माझ्या मते दया डोंगरे यांचं सगळ्यात मोठं काम हे. आणि त्यांचे विनोदी सिनेमे मी त्यानंतर पुन्हा पाहिले तेव्हा त्यातली सासूही मला वेगळी दिसली. तीही कुठल्यातरी वाड्यातली गोपिकाबाईच. तिच्याकडेही किल्ल्यांच्या जुडग्याशिवाय काही नाही, आणि सून तेच मागायला आली आहे.

'स्वामी' संपल्यावर फार दिवस गेले नाहीत, १९८८ला जागीरदार गेले. दयाबाईही पुढे कामं कमी करत गेल्या आणि शेवटची बरीच वर्षं पडद्यापासून लांब राहिल्या. नाटकांचे प्रयोग तर हवेत विरतातच. चित्रपट उरले, तेही दुपारच्या वाहिन्यांवर, जाहिरातींच्या मधून मधून. म्हणून नव्या मुलांना त्या 'ती सासू' वाटतात. त्यांचा दोष नाही.

शेवटी एक मागणी, आणि ती थेट आहे. राज्य नाट्य स्पर्धेचं केंद्र अमरावतीत असतं. मी ते बरीच वर्षं पाहतो. उत्साह असतो, नेपथ्य असतं, आणि पंचेचाळिशी ओलांडलेल्या बायका विंगेत चहा करताना किंवा नायकाची आई होऊन दोन वाक्यं बोलताना दिसतात. इथले लेखक जाणते आहेत. त्यांनी एक नाटक असं लिहावं ज्यात मध्यभागी पन्नाशीची बाई असेल, वऱ्हाडीत बोलेल, घर चालवेल, चुकेल, आणि आपण चुकतोय हे तिला पटणार नाही. तिचं माहेर अंजनगावचं असो की मूर्तिजापूरचं. सून तिच्यासमोर दमदार असू द्या, वर्षा उसगावकर होती तशी. विनोद आला तर येऊ द्या.

तालीम सुरू झाली की मला कळवा. अकोला ते अमरावती शंभर किलोमीटरच्या आतबाहेर आहे, मी सकाळच्या गाडीनं येईन. आता कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा. माईक मागे पोचवा, तिकडे बसलेल्या बाईंचा हात बराच वेळ वर आहे.